शाळा सोडून गेलेल्यांचें वृत्त

ह्या वार्षिकाचा अंक हातीं पडला म्हणजे बहुतेक मंडळी प्रथम कोणतें पान उघडतात, हें आम्ही पुष्कळ वर्षें पाहत आलों आहों. मुख्याध्यापकांचा अहवाल नव्हे, बक्षिसांची यादी नव्हे, कविता तर नव्हेतच. (आमच्या बालकवींनीं रागावूं नये.) प्रथम उघडलें जातें तें 'माजी विद्यार्थी व शिक्षक' हें पान. अमका हल्लीं कोठें असतो, तमकीला कोणत्या गांवीं दिली, चौथीला गणित शिकविणारे गुरुजी अद्याप हिंडते फिरते आहेत काय, हें जाणण्याची उत्कंठा वृद्धांस आहे तशीच मुलांसही आहे. असें असूनही हें पान कशासाठीं आहे, तें जमतें कसें, आणि त्यांत कोणाचें नांव यावें, ह्याविषयीं विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या मनांत कांहीं विलक्षण समजुती दृढ झाल्या आहेत. त्यांचा थोडा विचार यंदा करावा असें आम्ही योजिलें आहे.

पहिली समजूत अशी कीं, हें पान मोठ्या माणसांचें आहे. गेल्या उन्हाळ्यांत आजऱ्याच्या बाजारांत एका पालकांस आम्हीं त्यांच्या वडील मुलाचें वृत्त विचारिलें. हा मुलगा आमच्या वर्गांत तीन वर्षें होता. पालक संकोचून म्हणाले, "त्याचं काय छापणार, सर? त्यो काय सायेब झालाय व्हय?" मुलगा एस्‌. टी. मध्यें चालक आहे, आणि अंबोलीच्या घाटांतून भर पावसाळ्यांत प्रवाशांस सुखरूप खालीं उतरवितो. घाटांतील धुकें ज्यानें पाहिलें आहे त्यानें सांगावें कीं हें वृत्त छापण्याजोगें आहे किंवा नाहीं.

नामवंतांचा अभिमान वाटूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ह्याच आजऱ्यांत ३१ ऑगस्ट १९४० रोजीं शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले शिवाजी सावंत येथील व्यंकटराव हायस्कुलांत शिकले, पुढें कोल्हापुरास राजाराम हायस्कुलांत शिक्षक झाले, आणि तेथें नोकरी करीत असतांनाच त्यांची 'मृत्युंजय' ही कादंबरी १९६७ सालीं प्रसिद्ध झाली. 'छावा' १९७९ सालची. १९९४ सालीं त्यांस मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला. २००२ सालीं गोमंतकांत ते निवर्तले. शाळेंतील एका लहानशा नाटकांत काम करीत असतां कर्णाची कथा त्यांच्या मनांत प्रथम रुजली, असें सांगितलें जातें. तें नाटक कोणा शिक्षकानें बसविलें असेल, पडदा कोणा मुलानें ओढिला असेल, मुकुटाला सोनेरी कागद कोणी चिकटविला असेल! त्या साऱ्यांनीं मिळून एक संध्याकाळ उभी केली, आणि नांव राहिलें एकाचें. हें स्वाभाविक आहे. त्याबद्दल कुरकुर नको. परंतु शाळेच्या वार्षिकानेंही केवळ तेवढेंच नांव लक्षांत ठेवावें काय, हा खरा प्रश्न आहे.

मिशनच्या शाळांना तर 'तुमच्या विद्यार्थ्यांचें पुढें काय झालें?' हा प्रश्न एके काळीं जीवनमरणाचा झाला होता. ती हकीकत आमच्या मुलांस ठाऊक नसते, म्हणून किंचित् विस्तारानें सांगतों. रेव्हरंड रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८४६ सालीं पत्नी एलायझा ह्यांसह अहमदनगरास आले, व १८५२ सालीं त्यांनीं कोल्हापुरास मिशनचें ठाणें घातलें. कोल्हापूर प्रांतांतील मिशनच्या शाळांचा आरंभ तेथून धरावा लागतो. पुढें दोनच वर्षांनीं, १८५४–५५ मध्यें, बोर्डाचे चिटणीस डॉ. रूफस अँडरसन हे एका सहकाऱ्यासह ह्या देशांत पाहणीस आले. त्यांचें मत असें पडलें कीं, मिशनचा पैसा व वेळ सुवार्तेच्या घोषणेंत आणि देशी मंडळ्या व देशी पाळक तयार करण्यांत खर्च व्हावा. इंग्रजी शाळांतून मुलें शिकून नोकऱ्यांस लागतात, प्रभूकडे वळणारीं थोडीं. ह्या मताचा परिणाम म्हणून मराठी मुलखांतील बोर्डाच्या इंग्रजी शाळा बंद झाल्या.

अँडरसनसाहेब कांहीं दुष्ट गृहस्थ नव्हते. देशी मंडळीनें आपल्या पायांवर उभें राहावें, परक्यांच्या आधारानें चिरकाल राहूं नये, हें त्यांचें तत्त्व थोर होतें, आणि आज आमच्या मंडळ्या ज्या स्वातंत्र्यानें चालतात त्याच्या मुळाशीं तें आहे. परंतु शाळेचें फळ किती दिवसांनीं मोजावें, ह्या बाबतींत त्यांनीं घाई केली असें आमचें नम्र मत आहे. वाइल्डर ह्यांचा ह्याच धोरणाशीं विरोध झाला. ते अमेरिकेस परत गेले, बोर्डाशीं त्यांचा संबंध तुटला, आणि १८६१ सालीं त्यांनीं हिंदुस्थानांतील मिशन शाळांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, पाठीशीं कोणतेंही मंडळ नसतां, ते कोल्हापुरास परतले. १८७० सालीं हें काम प्रेस्बिटेरियन बोर्डानें आपल्याकडे घेतलें तोंपर्यंत त्यांनीं तें स्वतंत्रपणें चालविलें. शाळेसाठीं आपल्या पोटापाण्याची तजवीज सोडून देणारा शिक्षक आम्हांस तरी दुसरा सहसा आढळला नाहीं.

आतां विद्यार्थ्यांनीं असा विचार करावा. समजा, १८४७ सालीं पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेवर कोणी असाच हिशेब मांडिला असता. त्या वर्षीं एक विद्यार्थी तेथील अभ्यास पुरा करून बाहेर पडला. त्यानें बाप्तिस्मा घेतला नाहीं. सरकारी नोकरीही धरिली नाहीं. हिशेबाच्या वहींत त्याच्या नांवापुढें शून्यच पडलें असतें. तो विद्यार्थी म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले. पुढच्याच वर्षीं, १८४८ सालीं, त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढिली.

जोतीरावांच्या शिक्षणाची कथा पालकांनीं विशेष लक्षपूर्वक ऐकावी. प्राथमिक शिक्षण झाल्यावर वडिलांनीं त्यांस शाळेंतून काढून मळ्याच्या कामास लाविलें होतें. शेजारचे गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब ह्या दोघां गृहस्थांनीं गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ सालीं मुलगा पुनः मिशनच्या शाळेंत आला. म्हणजे हजेरीच्या भाषेंत बोलावयाचें तर जोतीराव हे 'गळलेले' विद्यार्थी होते, आणि दोघां शेजाऱ्यांनीं जाऊन चार शब्द बोलण्यानें ते परत आले. शाळेंत त्यांस सदाशिव बल्लाळ गोवंडे ह्यांच्यासारखे जिवलग मित्र मिळाले. गोवंडे पुढें नोकरीनिमित्त अहमदनगरास गेले, परंतु सोबत्यास विसरले नाहींत. त्यांनींच जोतीरावांस नगरास नेऊन मिस सिंथिया फॅरार ह्यांच्या मुलींच्या शाळा दाखविल्या. माजी विद्यार्थ्यांनीं एकमेकांचें वृत्त ठेवण्याचा ह्याहून मोठा परिणाम महाराष्ट्रांत झालेला आम्हांस माहीत नाहीं. सावित्रीबाईंच्या शिक्षिकेच्या तयारीशींही फॅरारबाईंच्या संस्थेचें नांव जोडलेलें आहे. आणि जोतीराव स्वतः पुढें मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेंत कांहीं वर्षें शिक्षक होते; १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं हें आपल्या अनुभवांत मुद्दाम नमूद केलें आहे. माजी विद्यार्थी तोच पुढें माजी शिक्षक, असें हें उदाहरण आहे.

फुले दांपत्याच्या शाळेंतील एका मुलीचा उल्लेख ह्या ठिकाणीं केलाच पाहिजे, कारण शाळेच्या वार्षिकांत लिहिणाऱ्या प्रत्येक मुलीची ती ज्येष्ठ भगिनी होय. मांग समाजांतील मुक्ताबाई हिनें आपल्या व महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. 'ज्ञानोदय' हें अमेरिकन मराठी मिशनचें पत्र १८४२ पासून निघत होतें. तीन वर्षें शाळेंत शिकलेल्या ह्या बालिकेनें ज्ञानाचा अधिकार कोणाचा, धर्म कोणाचा, असे प्रश्न ज्या निर्भयतेनें विचारिले ते वाचून आजही अंगावर कांटा उभा राहतो. तो निबंध राहिला. परंतु त्या मुलीचें पुढें काय झालें, तिचा संसार कोठें झाला, तिनें आपल्या मुलांस शिकविलें काय, हें कोणत्याही वार्षिकानें लिहून ठेविलें नाहीं. एका निबंधाच्या दोन अंकांपुरती ती आम्हांस दिसते व नाहींशी होते. ज्या शाळेनें तिला लेखणी दिली त्या शाळेंत माजी विद्यार्थिनींचें एक साधें पान असतें तर!

ह्याच्या अगदीं उलट प्रकार बाबा पदमनजी ह्यांचा. ते आमच्या शेजारच्या बेळगांवचे; १८३१ सालीं तेथें जन्मले, तेथील लंडन मिशनच्या शाळेंत शिकले, मग मुंबईस फ्री चर्चच्या विद्यालयांत गेले, आणि १८५४ सालीं बेळगांवांतच त्यांचा बाप्तिस्मा झाला. 'यमुनापर्यटन' ही त्यांची कादंबरी १८५७ सालची. विधवांच्या हालअपेष्टांचें तींतील वर्णन आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावें. त्यांचें आयुष्य आम्हांस इतकें बारीक ठाऊक आहे ह्याचें कारण सरळ आहे : त्यांनीं 'अरुणोदय' हें आत्मचरित्र स्वतः लिहून ठेविलें. जो लिहितो त्याचें वृत्त राहतें.

मुलींच्या बाबतींत लिहिण्यास आणखी एक अडचण असते, ती म्हणजे नांवाची. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडिलें. तेथें आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. हें नांव आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं ऐकिलें असेल. परंतु १८९३ सालीं प्रोफेसर धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला, व त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, असें सांगितलें कीं सर्वांस ओळख पटते. ह्या विवाहाबद्दल कर्व्यांच्या मुरुड गांवानें त्यांस बहिष्कृत केलें. बाईंनीं पुढें पतीच्या आश्रमासाठीं दारोदार वर्गणी जमविली, आणि 'माझे पुराण' ह्या नांवानें आपली हकीकत सांगितली. शारदा सदनाच्या नोंदींत एक नांव, लोकांच्या तोंडीं दुसरें! प्रसिद्ध स्त्रियांची ही गोष्ट, मग आमच्या गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड तालुक्यांत दिलेल्या मुलींचा पत्ता शाळेस कसा लागावा? माहेरचें नांव, माहेरचें आडनांव, माहेरचा गांव, तिन्ही एका दिवसांत बदलतात. म्हणून माजी विद्यार्थिनींनीं वृत्त पाठवितांना शाळेंतील मूळ नांव लिहावें, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आतां शाळेच्या जनरल रजिस्टराविषयीं. विद्यार्थ्यांनीं तें मोठें पुस्तक कचेरीच्या कपाटांत बाहेरून पाहिलें असेल. शाळेंत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची त्यांत एक ओळ असते : अनुक्रमांक, नांव, जन्मतारीख, जन्मगांव, पूर्वीची शाळा, कोणत्या इयत्तेंत प्रवेश, आणि उजव्या टोंकाला दोन रकाने, शाळा सोडल्याची तारीख व शाळा सोडण्याचें कारण. हें पुस्तक कायमचें जपावयाचें असतें. दाखल्याची दुय्यम प्रत मागावयास साठीच्या वयाचा मनुष्य आला तरी त्याची ओळ काढून द्यावी लागते. (कित्येक माजी विद्यार्थ्यांचें दर्शन आम्हांस होतें तें ह्याच निमित्तानें. जन्मतारखेचा पुरावा हवा असला म्हणजे शाळेची आठवण बरोबर होते.) ह्या पुस्तकांतील तो शेवटला रकाना आम्ही पुष्कळदां वाचीत बसतों. 'उत्तीर्ण.' 'पालकांची बदली.' 'पुढील शिक्षणासाठीं.' हीं कारणें समाधानाचीं. मधूनमधून मात्र दोनच शब्द येतात : 'सतत गैरहजर.'

ह्या दोन शब्दांखालीं किती घरें झांकलेलीं आहेत! एकाचे वडील वारले होते. एकीला धाकट्या भावंडांस सांभाळावयाचें होतें. एकाच्या घरीं रोपलावणीच्या दिवसांत हात कमी पडले, आणि लावणी संपली तेव्हां वर्ग बराच पुढें गेला होता. आजरा भागांत ज्याला पाऊस म्हणतात तो ठाऊक असलेल्यांस हें निराळें सांगणें नको. ओढा भरला कीं पलीकडचीं मुलें अलीकडे येत नाहींत. रजिस्टरांत ह्यांपैकीं कांहीं लिहीत नाहींत, व लिहिण्यास तेथें जागाही नसते. म्हणून 'माजी विद्यार्थी' ह्या शब्दाचा अर्थ आम्ही 'शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला' असा करीत नाहीं. ज्याची ओळ त्या पुस्तकांत आहे तो शाळेचा.

यंदा एका भगिनीचें पत्र आलें. अक्षर वळणदार, कागद वहीचा फाडलेला. सातवींतच शाळा सुटली, हल्लीं त्या काजूच्या कारखान्यांत बिया फोडण्याचें काम करितात, दोन मुली आहेत, पैकीं एक नर्सिंगला आहे. इतकें लिहून शेवटीं विचारिलें होतें कीं, अर्ध्यांत शाळा सोडणाऱ्यांचें नांव छापतां येतें काय. येत नसेल तर राहूं द्यावें, केवळ शाळेस कळावें म्हणून लिहिलें. ह्या पत्रावर शिक्षकांच्या खोलींत थोडी चर्चा झाली. पान उत्तीर्णांचें असावें असें म्हणणारेही कोणी होते, व त्यांच्या म्हणण्यांत अगदींच तथ्य नव्हतें असें नाहीं. शाळेच्या निकालाकडे पाहूनच पालक मुलें पाठवितात. शेवटीं असें ठरलें कीं त्या भगिनींचें वृत्त इतरांच्या बरोबरीनें, त्यांच्या माहेरच्या नांवानें व 'इयत्ता सातवी' एवढ्या उल्लेखासह छापावें. कारखान्यांत बी फोडतांना सालांतील चीक हाताला लागून कातडी सोलून निघते, म्हणून ह्या बायका हाताला राख अथवा तेल लावितात. अशा हातांनीं तें पत्र लिहिलेलें होतें.

शुभवर्तमानांतील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आमच्या उपासनेंत दरवर्षीं एकदां तरी येते. दहा बरे झाले, आभार मानावयास एकच परतला. ह्या गोष्टीवर उपदेश करणारे नऊ जणांच्या कृतघ्नतेवर बोलतात, व तें योग्यच आहे. शिक्षकाच्या मनांत मात्र दुसरी एक गोष्ट येते : ते नऊही बरे झालेच होते. पत्र लिहिणारा एक, न लिहिणारे नऊ, असें आमच्या पानाचेंही प्रमाण आहे. किंबहुना त्याहून वाईट आहे. न लिहिणाऱ्यांपैकीं कोणी घनसाळ भाताचें बियाणें आजोबांपासून जतन करून लावीत असेल. त्या तांदुळाला आतां भौगोलिक मानांकन मिळालें आहे, पण तो ज्यांनीं टिकविला त्यांचीं नांवें कोणत्या प्रमाणपत्रावर आहेत? कोणी बेळगांवच्या मराठा पलटणीच्या केंद्रांतून शिकून निघून आज सरहद्दीवर असेल. कोणी व्यसनांत पडला असेल, कोणी तुरुंगांतही असेल. त्यांचें वृत्त आम्ही छापणार नाहीं. परंतु शाळेच्या प्रार्थनेंत त्यांस जागा आहे, आणि त्यांच्या मातांनीं आम्हांस तें सांगण्यास लाजूं नये.

जुन्या काळीं, म्हणजे फोन घरोघर येण्यापूर्वीं, माजी विद्यार्थ्यांचें वृत्त गांवास कसें कळत असे, हें आजच्या मुलांस ऐकून मौज वाटेल. आजरा, गडहिंग्लज, चंदगड ह्या भागांतील कर्ते पुरुष कित्येक पिढ्या मुंबईस गिरण्यांत कामाला जात. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गांवाची खोली असे. तींत वीस-वीस, तीस-तीस माणसें पाळीप्रमाणें झोपत व खानावळींत जेवत. गांवाहून कोणी नवा मुलगा गेला कीं ट्रंक त्या खोलींत ठेवी, आणि त्याची नोकरी, आजार, लग्न, सारें तेथून गांवास कळे. महिन्याला मनिऑर्डर येई. तिच्या तळाशीं चार ओळी लिहिण्यापुरता कोरा तुकडा असे, त्यांत खुशाली. शेतांत राबणाऱ्या आईला ती वाचून दाखविण्यास शाळेंतलें पोर बोलावीत. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनीं वाचनाचा पहिला खरा उपयोग केला तो हाच. 'पैसे कमी पाठविले, पाळी मिळाली नाहीं,' असें वाचतांना तें पोर एकाएकीं मोठें होई.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. तो संप रीतसर असा मिटलाच नाहीं. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि ट्रंका गांवास परत आल्या. त्या पिढींतील पुष्कळ माजी विद्यार्थी शाळेच्या फाटकावरून जात, पण आंत येत नसत. 'काय सांगूं, सर, काय करतों म्हणून?' असें एकानें एकदां आम्हांस विचारिलें होतें. ह्या प्रश्नाला उत्तर देणें कठीण. शाळेनें दर वर्षीं केवळ बढत्या, पदव्या व परदेशगमनें छापिलीं तर ज्याची नोकरी गेली तो ह्या पानाकडे पाठ फिरविणारच. त्यांचीं मुलें आज आमच्या वर्गांत आहेत, कांहींचीं नातवंडेंही आहेत.

परदेशगमनाचा उल्लेख आला म्हणून उलट दिशेनें गेलेल्या दोघांची हकीकत थोडक्यांत सांगतों. वाइल्डरसाहेबांचा मुलगा रॉबर्ट हा १८६३ सालीं कोल्हापुरास जन्मला. पुढें अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें शिकतांना त्यानें विद्यार्थ्यांत जी चळवळ सुरू केली तींतून हजारों तरुण मिशनकार्यासाठीं देशोदेशीं गेले. दुसरे रॉबर्ट गोहीन. अंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीवरून गेलें कीं वेंगुर्लें लागतें. तेथें अमेरिकन मिशनचे डॉक्टर गोहीन ह्यांच्या घरीं ते १९१९ सालीं जन्मले, व कोडाईकनालच्या शाळेंत शिकले. १९५७ पासून १९७२ पर्यंत ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते, आणि १९७७ सालीं अमेरिकेचे राजदूत होऊन पुनः हिंदुस्थानांत आले. जन्मभूमीस परत येण्याचे मार्ग असे नाना प्रकारचे असतात.

माजी शिक्षकांविषयीं लिहितांना आम्हांस किंचित् खंत वाटते. विद्यार्थ्यांचें वृत्त ते जिवंत असतांना छापिलें जातें. शिक्षकांचें बहुधा ते वारल्यावर. 'कै.' लागल्याखेरीज गुरुजींची आठवण निघत नाहीं, ही रीत बदलावी. मिस फॅरार १८२७ सालीं मुंबईस आल्या आणि १८६२ सालीं अहमदनगरास देह ठेवीपर्यंत मुलींस शिकवीत राहिल्या. विवाह केला नाहीं, नांवाचा गाजावाजा केला नाहीं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींनीं त्यांस पत्रें धाडिलीं असतील अशी आशा करूं या. आपल्या गुरुजींना व बाईंना आपण तरी धाडावीं. निवृत्त शिक्षकाचे दिवस फार लांब असतात. आमच्या एका वडील सहकाऱ्यांच्या घरीं गेलों असतां त्यांनीं उशाखालून एक जुनें पाकीट काढून दाखविलें. तें मिरजेस परिचारिकेचें शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचें होतें, व त्यांत इतकेंच होतें कीं, रक्तदाब मोजतांना आंकडे नीट वाचावे लागतात आणि तेव्हां तुमचा छडीचा आवाज आठवतो. गुरुजींना छडीचा उल्लेख फारसा आवडला नव्हता, तरी पाकीट त्यांनीं जपून ठेविलें होतें.

तेव्हां वृत्त कसें पाठवावें तें सांगून हा लेख पुरा करितों. शाळेंतील नांव, शाळा सोडल्याचें वर्ष व इयत्ता प्रथम लिहावी. वर्ष आठवत नसेल तर त्या वेळचे वर्गशिक्षक कोण होते तें लिहावें, रजिस्टरांतून वर्ष आम्ही शोधून काढूं. मग हल्लीं कोठें आहां, काय काम करितां, घरीं कोण आहे, हें साध्या वाक्यांत असावें. 'उच्च पदावर विराजमान' अशीं विशेषणें आम्ही काढून टाकितों, म्हणून तीं घालण्याचा श्रम घेऊं नये. ज्या कामाविषयीं लिहाल त्याचा एखादा तपशील द्यावा. बेकरींत असाल तर भट्टी पहाटे किती वाजतां पेटते, शिक्षिका असाल तर वर्गांत मुलें किती, म्हणजे तें वाचून आमच्या आठवी-नववीच्या मुलांस त्या कामाची कांहीं कल्पना येईल. कोणा सोबत्याचें निधन झालें असेल तर तेंही कळवावें. पुष्कळदां शाळेस तें वर्षानुवर्षें कळतच नाहीं. दुसऱ्याचें वृत्त पाठवावयाचें असेल तर त्याच्या अनुमतीवांचून पाठवूं नये.

ज्यांस लिहिणें जमत नाहीं त्यांच्यासाठीं यंदा एक नवी योजना केली आहे. मे महिन्याच्या सुटींत नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या वाडीवरील एका तरी माजी विद्यार्थ्यास भेटून त्याच्या तोंडचें वृत्त लिहून आणावयाचें आहे. आजोबा-आजीही चालतील, किंबहुना त्यांच्यापासूनच आरंभ करावा. मुंबईहून चाकरमानी मंडळी सुटींत गांवीं येतात, त्यांस एस्‌. टी. स्थानकावरच गांठावें, कारण एकदां घरीं गेलीं कीं जत्रा, लग्नें व जेवणें ह्यांतून तीं मोकळीं सांपडत नाहींत. लिहिलेलें वृत्त त्यांस वाचून दाखवावें, चूक असेल ती दुरुस्त करावी, खालीं त्यांची सही अथवा अंगठा घ्यावा, आणि शाळा उघडल्यावर पहिल्या सोमवारीं तें मराठीच्या शिक्षकांकडे द्यावें.